दाराला कडी बसवताना

घराचे दार सुरक्षित करायचे म्हटले की बहुतेक जण दुकानात जाऊन सर्वांत जाड दांड्याची कडी मागतात. दांडा जाड असण्यात गैर काही नाही. परंतु दारावर बाहेरून जोर पडतो तेव्हा दांडा क्वचितच मोडतो. आधी उपटून येतात ते स्क्रू, आणि त्यातही बहुधा चौकटीवर बसवलेल्या कोयंड्याचे. म्हणून कडी निवडण्यापूर्वी, दारावर बसलेला धक्का कडीतून पुढे नेमका कशावर जाणार आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. जुन्या वाड्यांच्या दारामागचा अडसर दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या खोबणींत शिरत असे, त्यामुळे सारा भार भिंत घेई आणि एकाही खिळ्यावर ताण येत नसे. आजच्या फ्लॅटच्या दाराला अडसर घालणे सोयीचे नसले, तरी कडीचा भार शक्य तितका चौकटीच्या अंगात आणि तिच्यामागच्या भिंतीत पोहोचवणे हेच काम आपल्यालाही करायचे आहे.

दार कोणत्या बाजूला उघडते

आपल्याकडे घराचे मुख्य दार सहसा आत उघडते. अशा दाराची फळी चौकटीच्या आतल्या बाजूच्या खाचेत बसते आणि बंद केल्यावर तिचा आतला पृष्ठभाग चौकटीच्या आतल्या पृष्ठभागाशी जवळपास समपातळीत येतो. बाहेरच्या बाजूने पाहिले तर फळी थोडी खोल आणि चौकटीचे लाकूड तिच्या पुढे आलेले दिसते. या साध्या रचनेतून एक गोष्ट निष्पन्न होते, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. बाहेरून लावलेल्या अल्ड्रॉपचा, म्हणजे कुलूप अडकवता येणाऱ्या मोठ्या आडव्या कडीचा, दांडा त्या पुढे आलेल्या लाकडात पाडलेल्या भोकात शिरतो, त्यामुळे दार ढकलले असता दांड्याभोवतालचे अखंड लाकूड धक्का झेलते. आतून लावलेल्या कडीचा दांडा मात्र चौकटीच्या पृष्ठभागावरून पुढे सरकतो, कारण त्या बाजूला शिरण्यासाठी लाकूडच नसते. त्याला अडवतो तो वरून स्क्रूने बसवलेला कोयंडा. बाहेरून बसलेला प्रत्येक धक्का या स्क्रूंना सरळ लाकडातून बाहेर ओढतो, आणि आखूड स्क्रू अशी ओढ फार सोसत नाही. म्हणजे घर बंद करून आपण गावाला गेलेलो असतो तेव्हा दार जितके भक्कम असते, तितके ते रात्री आपण आत झोपलेलो असताना बहुतेक घरांत नसते.

दार बाहेर उघडणारे असेल तर हे सारे उलटते. आतल्या कडीचा दांडा चौकटीच्या लाकडात शिरवता येतो. मात्र बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरच्या बाजूला राहतात आणि त्या ठोकून काढल्या की कडी न उघडताही फळी निघू शकते. अशा दाराला खिळी निघू न शकणाऱ्या बिजागऱ्या लावून घ्याव्यात आणि मगच कडीचा विचार करावा.

दिशेनंतर फळी पाहावी. सागवानी फळीत स्क्रू कुठेही चांगला धरतो. फ्लश दाराच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लायवुड लावलेल्या सपाट दाराच्या, कडांना आतून लाकडी पट्ट्या असतात; मधला भाग भरीव असेल किंवा नसेलही. बोटाच्या पेराने ठोकत गेल्यास आवाजातला फरक कळतो. पोकळ भागात घातलेला स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही महिन्यांत फिरू लागतो. प्लास्टिकच्या पोकळ दारांना तर स्क्रूवर विसंबू नयेच. तिथे आरपार नट-बोल्ट आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर हाच मार्ग आहे.

कोणत्या दाराला काय लावावे

मुख्य दाराला बाहेरून दहा किंवा बारा इंची अल्ड्रॉप, आतून किमान आठ इंची टॉवर बोल्ट (फळीवर बसणारी सरळ सरकती कडी), आणि यांच्या जोडीला फळीच्या जाडीत बसणारे मॉर्टिस कुलूप असावे, अशी माझी शिफारस आहे. मॉर्टिस कुलपाचा दांडा फळीच्या कडेतून निघून चौकटीच्या खाचेतील लाकडात शिरतो, त्यामुळे आतल्या कडीची वर सांगितलेली उणीव ते भरून काढते. मात्र दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारे कुलूप राहत्या घराला लावू नये. आग लागली, धूर झाला, वीज गेली, तर अंधारात किल्ली शोधण्याइतका वेळ नसतो. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, ही राष्ट्रीय इमारत संहितेचीही भूमिका आहे.

अल्ड्रॉपचा एक धोका वेगळा सांगायला हवा. चोरी करण्यापूर्वी मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावून ठेवायच्या, म्हणजे आरडाओरडा झाला तरी कोणी मदतीला येऊ शकत नाही, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तशा बातम्या वर्तमानपत्रांत नियमितपणे येतात. त्यामुळे अल्ड्रॉप घेताना, दांडा उघड्या स्थितीत असतानाही त्यात छोटे कुलूप अडकवून तो सरकण्यापासून रोखता येतो का, हे दुकानातच हाताळून पाहावे. चांगले मॉर्टिस कुलूप असलेल्या फ्लॅटला बाहेरून अल्ड्रॉप न लावणे हाही एक योग्य पर्याय आहे.

दोन फळ्यांच्या दारात आधी बंद होणाऱ्या फळीला वर आणि खाली अशा दोन उभ्या कड्या लागतात, कारण दुसरी फळी पूर्णपणे तिच्याच आधारावर उभी असते. खालची कडी जमिनीतल्या भोकात जाते आणि ते भोक केरकचऱ्याने भरत राहते. दांडा अर्धाच उतरतो आणि घरातल्यांना वाटते की दार पक्के लागले. भोक दांड्याच्या गरजेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खोल घ्यावे आणि त्यात पितळी नळी बसवावी.

जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून कडी असेल आणि जाळीतून हात शिरत असेल, तर ती कडी नसल्यातच जमा आहे. कडीच्या मागे पत्र्याची आड तरी लावून घ्यावी किंवा कडी हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी सरकवावी. दाराशेजारची उघडी खिडकी आणि दारावरचे झरोकेही याच दृष्टीने तपासावेत.

झोपण्याच्या खोलीचा प्रश्न सुरक्षेचा कमी आणि खासगीपणाचा अधिक असतो. तिथे चार इंची टॉवर बोल्ट किंवा बेबी लॅच, म्हणजे आतून बोटांनी फिरवायची छोटी कडी, पुरते. लहान मुले आणि वृद्ध माणसे असलेल्या घरात अशा खोल्यांना बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी लावणे शहाणपणाचे. ती दिसायला साधी असते, आतल्या माणसाचा आडोसाही राखते आणि वेळ आल्यावर दार फोडावे लागत नाही.

धातू आणि दर्जा

मुख्य दारासाठी स्टेनलेस स्टील किंवा भरीव पितळ घ्यावे. ॲल्युमिनियम मऊ असते. आतल्या दारांना ते चालते, बाहेरच्याला नाही. वर चकचकीत मुलामा दिलेले लोखंड पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत स्क्रूच्या भोकांपासून गंजू लागते. स्टेनलेस स्टीलच्या प्रतींमध्ये 304 ही घरगुती वापरासाठी उत्तम, आणि अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यासारख्या खाऱ्या हवेच्या ठिकाणी 316 अधिक टिकाऊ. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि चिकटला नाही म्हणून माल अस्सल असल्याचे सांगतो. त्या परीक्षेने लोखंड तेवढे ओळखता येते. हलक्या 202 प्रतीचे स्टीलही चुंबकाला फारसे चिकटत नाही. त्यापेक्षा दांडा बाहेर काढून हलवून पाहावा. ज्या पट्ट्यांतून तो सरकतो त्यांत तो खडखडत असेल, किंवा त्या पट्ट्या पातळ पत्रा दुमडून केलेल्या असतील, तर कडी परत ठेवावी. भारतीय मानकांपैकी आयएस 204 टॉवर बोल्टसाठी, आयएस 281 पोलादी अल्ड्रॉपसाठी आणि आयएस 2681 पितळ-ॲल्युमिनियमसारख्या बिगरलोखंडी अल्ड्रॉपसाठी आहे. वेष्टनावर हे क्रमांक असल्यास निवड सोपी होते.

कडीच्या पाकिटात आलेले स्क्रू बहुतेकदा अर्ध्या-पाऊण इंचाचे असतात. ते बाजूला ठेवावेत. फळीसाठी तिच्या जाडीपेक्षा जरा कमी लांबीचे स्क्रू घ्यावेत, म्हणजे 32 मिलिमीटरच्या फळीला 25 मिलिमीटरचे. चौकटीवरच्या कोयंड्यासाठी मात्र दोन ते तीन इंचांचे घ्यावेत. हा फरक काही रुपयांचाच असतो, पण कडीच्या किमतीत दुप्पट पैसे घालूनही जे मिळत नाही ते या स्क्रूंनी मिळते. स्क्रू कडीच्याच धातूचे असावेत. ॲल्युमिनियमच्या कडीला लोखंडी स्क्रू लावले, तर दमट हवेत स्क्रूभोवतालचे ॲल्युमिनियम लवकर झिजते.

बसवण्याचे काम

मोजपट्टी, गुण्या, टोकदार पेन्सिल, ड्रिल, पटाशी, हातोडी आणि योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर एवढी साधने पुरतात. हत्यारे काढण्यापूर्वी दार तीन-चार वेळा उघडून मिटून पाहावे. फळी खालून घासत असेल, किंवा वरच्या बाजूची फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसत असेल, तर दोष बिजागरीत आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाल्याने फळी खाली आलेली असते. हे दुरुस्त न करता कडी बसवली, तर ती आज जुळेल आणि पुढे सरकेनाशी होईल. सैल भोकात आगकाड्यांचे तुकडे फेविकॉल लावून ठासावेत, एक रात्र वाळू द्यावेत आणि मग स्क्रू पुन्हा घालावा.

त्यानंतर उंची ठरवावी. अल्ड्रॉप जमिनीपासून साधारण तीन ते साडेतीन फुटांवर, हाताला सहज येईल असा असावा. आतली कडी त्याच्याच पातळीवर लावण्याची प्रथा आहे, परंतु ती त्याहून फूट-दीड फूट वर लावणे चांगले, कारण एकाच उंचीवर सगळे अडवले तर फळीचा वरचा भाग ढकलल्यावर वाकतो. मात्र घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या प्रौढ माणसाचा हात तिथे विनासायास पोहोचला पाहिजे. खांदा आखडलेल्या आजींना रात्री टाचा उंचावून उघडावी लागणारी कडी सुरक्षित म्हणता येत नाही.

आता दार पूर्ण मिटवून, कोणाला तरी आतल्या बाजूने त्याच्या नेहमीच्या जागी स्थिर धरायला सांगावे. कडी फळीवर आडवी ठेवून, दांडा मागे ओढलेल्या स्थितीत त्याचे टोक फळीच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर आत राहील अशी जुळवावी. टोक कडेबाहेर राहिले तर प्रत्येक वेळी दार लावताना ते चौकटीवर आपटून तिचा रंग आणि स्वतःची धार दोन्ही घालवते. गुण्या फळीच्या कडेला लावून कडी काटकोनात आहे याची खात्री करावी आणि भोकांच्या खुणा कराव्यात. सगळी भोके एकदम पाडू नयेत. दोन टोकांची दोन भोके पाडून दोनच स्क्रू घालावेत, दांडा सरकवून पाहावा, आणि तो अडत नसेल तरच उरलेली पाडावीत.

आठ नंबरच्या स्क्रूसाठी अडीच ते तीन मिलिमीटरचे ड्रिल योग्य. सागासारख्या कठीण लाकडात तीन, मऊ लाकडात अडीच. ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळली की भोक फळीच्या पार जात नाही. स्क्रू हातोडीने अर्धा ठोकून शेवटचे चार आटे फिरवायचे, ही घाईतल्या कारागिरांची सवय आपल्या घरी चालू देऊ नये, कारण ठोकल्याने लाकडाचे तंतू तुटतात आणि धरायला काही उरत नाही. पितळी स्क्रू घालायचे असतील तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढून घ्यावा, कारण पितळ मऊ असल्याने कठीण सागात त्याचे डोके पिळवटून तुटते. स्क्रूच्या टोकाला मेण किंवा कोरडा साबण चोळल्यास काम आणखी हलके होते.

कोयंड्याची जागा डोळ्यांनी ठरवू नये. कडी पूर्ण बसवल्यावर दांड्याच्या टोकाला ओले कुंकू किंवा खडू लावावा, दार नेमके मिटवावे आणि दांडा पुढे सरकवावा. चौकटीवर उमटलेला ठसा हीच खरी जागा. दांडा चौकटीच्या लाकडात शिरणारा असेल तर ठशाच्या मध्यावर, दांड्यापेक्षा एक मिलिमीटर मोठे भोक पाडावे आणि दांडा किमान 20 ते 25 मिलिमीटर आत जाईल एवढी खोली घ्यावी. भोकाच्या तोंडावर धातूची पट्टी बसवावी. तिच्यासाठी पटाशीने पट्टीच्या जाडीइतकीच खाच घ्यायची असते.

आत उघडणाऱ्या मुख्य दाराचा कोयंडा हे या साऱ्या कामातले सर्वांत नाजूक ठिकाण आहे. पाकिटातला दोन भोकांचा लहानसा कोयंडा तिथे लावू नये. तीन मिलिमीटर जाडीची, चार किंवा सहा भोकांची, सहा-आठ इंच लांब पोलादी पट्टी घेऊन तिच्यावर कोयंडा वेल्ड करून घ्यावा; कोणताही फॅब्रिकेटर हे काम करून देतो. ही पट्टी चौकटीवर उभी बसवावी, म्हणजे स्क्रू लाकडाच्या लांबीभर विखुरले जातात आणि सारा भार एकाच जागी येत नाही. स्क्रू सरळ न घालता किंचित तिरपे, भिंतीच्या दिशेने घालावेत. चौकट पातळ असेल तर दोन स्क्रू तिच्या पार जाऊन भिंतीत शिरतील इतके लांब घ्यावेत, आणि भिंतीत आधी प्लास्टिकची गिट्टी बसवावी. हे काम झाल्यावर दार लावून स्वतः बाहेर उभे राहावे आणि खांद्याने दोन-तीनदा जोर द्यावा. चौकटीपाशी कुरकुर ऐकू आली तर स्क्रू धरत नाहीत असे समजावे.

अल्ड्रॉप बसवण्याची रीत थोडी वेगळी आहे. तो बाहेरच्या बाजूला असल्यामुळे त्याला स्क्रू लावणे म्हणजे ते काढण्याची सोय चोराला करून देणे होय. आरपार बोल्ट घालावेत. त्यांची डोकी गोल असावीत, म्हणजे बाहेरून पाना लागणार नाही, आणि नट आत यावेत. पोकळ फ्लश दारावर नट आवळताना फळीचा पृष्ठभाग दबतो, म्हणून आतून रुंद वॉशर किंवा पट्टी द्यावी. नटाबाहेर उरलेले बोल्टचे टोक कापून कानशीने गुळगुळीत करावे, नाहीतर ते पडद्यात आणि मुलांच्या हातांत अडकते.

पावसाळ्याचा हिशेब आधीच धरलेला बरा. मे महिन्यात बसवलेली कडी जुलैत जुळत नाही, अशी तक्रार कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत नेहमीची आहे, कारण लाकूड दमट हवेत फुगते. फळी आणि चौकट यांत सुमारे तीन मिलिमीटरची फट सगळीकडून असावी आणि आडव्या कडीचे चौकटीतले भोक उभ्या दिशेला किंचित लांबट ठेवावे. पावसाळ्यात फळी घासू लागली म्हणून लगेच रंधा मारू नये. हिवाळ्यात ती आकसते आणि मग फट इतकी वाढते की दार वाऱ्याने खडखडते.

न्हाणीघराचे दार

न्हाणीघराला हल्ली ग्रॅनाइटची चौकट असते आणि तिच्यात भोक पाडणे हे लाकडाच्या कामापेक्षा सावकाशीने करायचे काम आहे. हिऱ्याचे कण बसवलेले ड्रिलचे पाते वापरावे, ड्रिलचा ठोकण्याचा मोड बंद ठेवावा, पाण्याची बारीक धार सोडत राहावी. विजेच्या ड्रिलवर पाणी उडू नये म्हणून बॅटरीवर चालणारे ड्रिल वापरणे अधिक सुरक्षित. दगडाच्या कडेपासून एक इंच तरी आत राहावे, नाहीतर कड ढलपते. हा अनुभव नसल्यास ग्रॅनाइटचे काम करणाऱ्याकडूनच भोक पाडून घ्यावे. कडी पुढे आपणच बसवता येते.

इथे जाड कडीची गरज नसते. नाण्याने बाहेरून उघडणारी स्टेनलेस स्टीलची कडी सर्वांत योग्य. वृद्ध माणूस आत घसरून पडला आणि दार आत उघडणारे असेल, तर कडी उघडूनही फळी त्याच्या अंगाला अडते. त्यामुळे घराचे नवे काम निघाले असेल तर हे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करून घ्यावे. दार आपोआप उघडू नये म्हणून अनेक घरांत न्हाणीघराला बाहेरूनही कडी असते. ती लहान मुलाच्या हाताला येणार नाही इतकी उंच हवी, कारण आत कोणी असताना ती खेळता खेळता लावली जाते.

देखभाल

कडी सरकेना झाली की खोबरेल तेल घालण्याची सवय घराघरांत आहे. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण थंडीत तेल थिजते, त्यात धूळ बसते आणि दांडा पूर्वीपेक्षा जड चालतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब किंवा मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड अधिक उपयोगी पडते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर, सगळे स्क्रू आणि अल्ड्रॉपचे नट आवळून घ्यावेत. दिवाळीपूर्वी रंगकाम निघाले तर रंगाऱ्याला कड्या काढून ठेवायला सांगावे, किंवा निदान त्यांच्यावर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी; दांड्यावर आणि पट्ट्यांच्या आत बसलेला ऑइलपेंट वाळल्यावर कडी निम्म्यावर अडकते, आणि तो खरवडून काढण्यात नवी कडी बसवण्याइतकाच वेळ जातो.